शोकनिवारणार्थ खाडी पोहणे

कोणतंही सत्कार्य समितीशिवाय होत नाही, आणि समिती नेमली की ते करण्याची फारशी घाई उरत नाही.

१९९२ साली डोंबिवलीत आमची कर्करोग-शोकग्रस्त आधार समिती स्थापन झाली, ती मोठागावच्या धोंडीबांमुळे. वय एकसष्ट, जन्म खाडीत जाळी टाकण्यात गेलेला. त्यांची बायको हौसाबाई कर्करोगाने गेली. तेराव्यापर्यंत घरात बसायला जागा नव्हती. नंतर बसायला माणूस नव्हता. धोंडीबांनी ठरवलं, पलीकडच्या माणकोलीपर्यंत खाडी पोहायची, वर्गणी जमवायची आणि अशा घरी जाऊन नुसता बसेल असा एक माणूस पगारावर ठेवायचा.

कल्पना इतकी साधी होती की तशीच ठेवणं समितीला शक्य नव्हतं. एक अध्यक्ष, सात उपाध्यक्ष आणि मी सहचिटणीस (चिटणीस कोण, यावर एकमत झालं नाही). अकरा सभा झाल्या. नऊ फलकाच्या मजकुरावर, एक शालींवर, एक चहावर. शोक हा विषय वेळेअभावी पुढे ढकलला. धोंडीबांकडे पोहता येत असल्याचा दाखला मागितला. तो देतं कोण, असं त्यांनी विचारलं. आम्ही ठाण्याला पत्र टाकलं.

त्यांची मागणी एकच होती. "नवाला पानी भरंल. तवाच मना सोरा."

नऊच्या भरतीची नोंद घेतली गेली. पोहण्याच्या दिवशी प्रमुख पाहुणे सव्वादहाला आले. सहा भाषणं झाली. त्यांपैकी दोन भाषणांत हौसाबाईंचं नाव बरोबर घेतलं गेलं. तोवर धोंडीबा अंगाला तेल चोपडून, वर शाल पांघरून उन्हात उभे होते. साडेअकराला झेंडा पडला तेव्हा आभारप्रदर्शनाला न थांबता पाणी निघून गेलेलं होतं.

समोर गाळ. अध्यक्षांनी तारीख पुढे ढकलण्याचा ठराव मांडला. धोंडीबांनी शाल काढून माझ्या हातात दिली, म्हणाले, "पानी गेला. मी जातंय."

मांडीपर्यंत चिखल तुडवत ते गेले, मधली धार पोहले. ओहोटीने त्यांना खाली ओढलं, तेव्हा कितीतरी वेळ डोकं दिसेना. मला शालीची घडीही घालवेना. मग पलीकडच्या गाळात एक काळा ठिपका उभा राहिला. (उपाध्यक्ष तोवर जेवायला गेले होते.)

देणगीदारांनी तांत्रिक मुद्दा काढला: वर्गणी पोहण्यासाठी कबूल केली होती, चालण्यासाठी नव्हे. समितीने तो मान्य केला. पगारी माणूस रद्द झाला.

माणकोलीच्या काठावर मालन नावाची बाई उभी होती. तिचा नवरा त्याच आजाराने दिवाळीत गेलेला. होडीवाल्याकडून तिला सगळं कळलं होतं. तिने धोंडीबांच्या पायांवर पाणी ओतलं आणि विचारलं, "तुमची बाय शेवटाला बोलायची का वो?"

"शिव्या द्यायची," धोंडीबा म्हणाले.

ती हसली, मग रडली. ते संध्याकाळपर्यंत तिच्या ओट्यावर बसले. पुढे दर रविवारी होडीने जात राहिले, मग आणखी दोन घरी. अर्ज न आल्याने आमच्या अहवालात 'आधार दिलेली कुटुंबे' या रकान्यात निरंक असं लिहिलं आहे.

समितीला सभासद हवे आहेत. पात्रता एकच: शेजारी कोणी गेल्यावर "काही लागलं तर सांगा" म्हणून, काही लागायच्या आत जिना उतरलेला असावा. अर्जाची गरज नाही. आपलं नाव आम्ही घातलेलं आहे.