एकच ‘गा’

आमच्या न्हाणीत साप निघाला तेव्हा शेजारचे ढोककाका काठी घेऊन धावत आले आणि सापाला म्हणाले, "बाहेर निघा जी." साप निमूट गेला. एवढा मान त्याला जन्मात कोणी दिला नसेल.

ही खापरखेड्याच्या कॉलनीतली गोष्ट. आमच्याकडे चार दिवसांची ओळख झाली की ‘जी’ गळून पडतो आणि ‘गा’ येतो. "काय गा, जेवला का?" ढोककाका मात्र सगळ्यांना ‘जी’. पॉवर हाउसच्या साहेबाला जी, हेल्परला जी, त्यांच्याच पायरीवर लोळणाऱ्या खंड्या कुत्र्याला "उठा जी". फोरमन संपतरावांच्या दारावरून जाताना तर ते रस्त्यातल्या शेळीलाही गल्लीभर ऐकू जाईल असं "सरका जी" म्हणत. पोरं मागून बें-बें करायची.

मी त्यांच्या निम्म्या वयाचा. एकदा वैतागून म्हटलं, "काका, मले तरी गा म्हना नं."

"नाही जमत जी. गा एकच होता."

तो संपतरावांचा होता, हे त्या दिवशी कळलं. दोघं एका गावचे, एकदमच नोकरीला लागलेले, एका डब्यात जेवणारे. पुढे संपतराव फोरमन झाले. मोठ्या साहेबांसमोर दोस्ताची शान राहावी म्हणून काका त्यांना म्हणाले, "सही करा जी, संपतराव." झालं! संपतरावांच्या काळजाला ते लागलं. "मले जी म्हनते? परका झालो का मी तुले?" एवढं बोलले आणि बोलणंच टाकलं.

"मंग म्या सगळ्याइलेच जी लावून देल्लं," काका म्हणाले. "त्याले वाटन, याची जीभच तशी हाये. येईन कधीतरी."

मला आधी हसू आलं, मग मी विचारलं,

"पन सरळ जाऊन काहून नाही बोलत?"

"भेव वाटते जी. त्यानं बी मले जी म्हनलं तं?"

संपतराव आले नाहीत. वर्षं गेली, आणि एका उन्हाळ्यात सकाळी चहा पिता पिताच ते गेले. मी काकांना धरून नेलं. संपतरावांना ओसरीत निजवलं होतं. काका वाकले, त्यांचा हात हातात घेतला. ओठ दोनदा नुसतेच हलले. शेवटी बाहेर पडलं ते, "उठा जी."

जिभेला दुसरं काही येईनाच. काकांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबला आणि ओक्साबोक्शी रडले. मलाही आवरलं नाही.

घरी परतलो तर खंड्या पायरीवर आडवा पसरलेला. काका त्याच्यासमोर उभे राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "ऊठ गा."

खंड्या हलला नाही. त्याला ‘जी’च कळायचं.