खिशाची वाकळ

सोपानतात्यांच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीच्या वर, भिंतीला गाडीचा आरसा बसवलेला आहे. बसच्या ड्रायव्हरच्या हाताशी असतो तसला, लांबट, दांडीवाला. नवखा माणूस तो बघून बुचकळ्यात पडतो. मग तात्या भाकरी थापता थापता खुलासा करतात, "आवो, शेगडीकडं तोंड केलं की दाराकडं पाठ हुती. पाठीमागची ट्रॅफिक दिसाया नगं?"

पाठीमागची ट्रॅफिक म्हणजे मुख्यतः एक बोका. पिवळा, जाडजूड, एक कान फाटलेला. त्याचं नाव कंडक्टर. "दिसभर माज्या मागं बसून आसतो आन् काम कायबी करत न्हाय," म्हणून कंडक्टर. तो दुधाच्या पातेल्याकडं सरकला की तात्या मान न वळवता ओरडतात, "सिंगल बेल!" आणि बोका एक पाय वर उचललेला तसाच ठेवून थांबतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तात्यांनी हयातभर एसटी चालवली. बारामती, भिगवण, इंदापूर, परत बारामती. रिटायर झाल्यावर पिंपळीत घर बांधलं, ते आमच्या घराला लागूनच, भिंतीला भिंत. एसटीनं त्यांना सोडलं, पण त्यांनी एसटीला सोडलं नाही. सिंगल बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे निघा. जेवण झालं की "डबल बेल" म्हणून ताटावरून उठणार. कपाट सरकवायचं असलं की कुणालातरी मागं उभं करून "येऊ द्या, येऊ द्या, बास" म्हणायला लावणार. त्यात आयुष्यभर इंजिनाच्या वर आवाज काढून बोललेला माणूस. त्यांचं साधं फोनवरचं बोलणं अख्ख्या आळीला ऐकू येतं. त्यामुळं मी पुढं जे सांगणार आहे, ते मी भिंतीला कान लावून ऐकलेलं नाही, एवढं कृपा करून लक्षात घ्यावं.

गेल्या वर्षी तात्यांच्या मुलाला मुलगी झाली. मुलगा आणि सून दोघंही हडपसरला नोकरी करतात. नातीला सांभाळायला तात्यांची बायको, म्हणजे शांताकाकू, तिकडं गेल्या. निघताना त्यांचा पाय निघेना, तर तात्याच म्हणाले, "तू जा. डेपो मी बघतो."

आणि डेपो त्यांनी खरोखरच बघितला. डबे उंचीप्रमाणं रांगेत. चपला भिंतीकडं टाचा करून, "म्हंजे निघताना रिव्हर्स घ्याया लागत न्हाय." आमच्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या रोज सकाळी अंगण झाडताना पलीकडं बघायच्या आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "गडीमाणूस आसून काय घर ठेवलंय बघ." मी ऐकू न आल्यासारखं करायची.

मग पाऊस सरला, ऊन तापायला लागलं आणि घट बसायचे दिवस जवळ आले. त्या दिवसांत आमच्या गावात कुणाच्याच घरात घर राहत नाही. सगळं अंगणात येतं. भांडी, गाद्या, फळ्या, फळ्यांवरची भांडणं. आणि घरातल्या झाडून सगळ्या वाकळा ट्रॉलीत भरून बायका कालव्यावर धुवायला जातात. वाकळ म्हणजे जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून हातानं शिवलेलं पांघरूण. कोरडी असताना उबदार. भिजली की एकटीला उचलत नाही.

आदल्या संध्याकाळी काकूंचा फोन आला. आम्ही नेहमीप्रमाणं आमच्या घरात बसून ऐकला. काकूंनी सगळ्या कामांच्या सूचना दिल्या आणि शेवटी म्हणाल्या असाव्यात, की माझ्या आईची वाकळ तेवढी नेऊ नका. कारण तात्या म्हणाले, "व्हय, व्हय, तुज्या आईची वाकळ न्हाय नेत. जुनी झालीया, कळतंय मला."

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीत बायकांच्या गर्दीत तात्या बसलेले. मांडीवर वाकळांचा ढीग आणि सगळ्यात वर, अंजिरी काठाची, काकूंच्या आईची वाकळ.

"तात्या, ती नगं म्हणल्या हुत्या ना काकू?" मी म्हटलं.

"सूनबाई, समदा डेपो धुवायचा आन् एकच गाडी मळकी ठिवायची? चांगली पांढरीफेक करून ठिवतो. बघून खूश हुईल."

काकूंना खूश करायचं, एवढाच त्यांचा हेतू होता. कालव्याच्या पायरीवर त्यांनी ती वाकळ पाण्यात बुडवली, दगडावर टाकली आणि बस धुताना लावायचे तसा जोर लावला. वाकळ फाटली नाही. ती विरघळली. आधी काठ सुटला, मग मधला थर, मग सगळ्या चिंध्या तात्यांच्या घोट्याभोवती पसरल्या. बायकांचं हसणं एकदम थांबलं. तात्या पाण्यात गुडघ्यांवर बसले आणि एकेक चिंधी वेचायला लागले. एक वाहत चाललेली, तिच्यामागं कपड्यांसकट कमरेएवढ्या पाण्यात गेले. येताना ट्रॉलीत ते एकेक चिंधी पिळून मांडीवर ठेवत होते.

त्या दिवशी आळीनं पहिल्यांदा तात्यांना फोनवर खोटं बोलताना ऐकलं. "वाकळ? हाय की. घडी घालून ठिवलीय. तू पोरीकडं बघ."

फोन ठेवला आणि तडक आमच्या दारात आले. हातात चिंध्यांचं बोचकं. आत्यांपुढं ठेवून म्हणाले, "वैनी, दिवाळीला ती यायच्या आत वाकळ उभी ऱ्हायली पायजे. मला शिकवा."

आत्यांच्या हातची वाकळ पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे आणि त्यांची जीभही. त्यांनी चिंध्या उलट्यापालट्या करून बघितल्या. "ह्यात दोरा धरत न्हाय, सोपानराव. आत घालायच्या. वर-खाली दुसरं कापड पायजे. शांताच्या जुन्या साड्या काढा ट्रंकंतनं."

"तिला न इचारता?" तात्या दचकले. "एकदा न इचारता केलं त्येचं हे झालंय."

मग ते घरी गेले आणि आपले खाकी ड्रेस घेऊन आले. इस्त्री करून ठेवलेले, सगळेच्या सगळे. मी म्हटलं, "तात्या, हे कापायचे?" ते कात्री शोधत म्हणाले, "मी आता कुठं चाललोय ड्यूटीला?"

रिटायर झाल्यावर एकालाही हात लावू न देणारा माणूस. त्यांनी पहिली पँट कापली तेव्हा आत्यासुद्धा गप्प बसल्या. फार वेळ नाही, अर्थात.

"खिसं उसवून काढा."

"नगं. खिसा काढला की खाली गडद डाग दिसतो. ऱ्हाऊ द्या."

"वाकळंला खिसं? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, खिसं हायत."

दसऱ्यानंतर त्यांच्या अंगणात कापड पसरलं गेलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले गेले. खाली खाकी, वर खाकी, मध्ये काकूंच्या आईची वाकळ. तात्या सुई घेऊन बसले. पहिले टाके बघून आत्या म्हणाल्या, "ही शिवण हाय का घाट?" तात्यांनी मुकाट्यानं उसवलं. दुसऱ्या खेपेला सरळ आलं, पण कोपऱ्यावर कापड गोळा झालं. तिसऱ्या खेपेला कोपरा आला तसे तात्या हळू झाले, जीभ दातांत धरली, आणि वळले. "वळणावर गिअर पाडाया लागतो," असं स्वतःलाच सांगितलं. रोज अंगावर ऊन येईपर्यंत बसायचे. बोटं सुजली. त्यावर चिकटपट्ट्या आल्या. जाणारे-येणारे गडी थांबून विचारायचे, "काय तात्या, बाळंतविडा का?" तात्या मान वर न करता म्हणायचे, "साईड द्या. रस्ता अडवू नका."

काम अर्ध्यावर आलं असताना एका सकाळी आत्यांनी किंकाळी फोडली. मी धावले. वाकळ चालत होती. मधोमध एक उंचवटा होता आणि तो सावकाश तुळशीकडं निघाला होता. तात्या सुई हातात धरून थिजलेले. मग त्या उंचवट्यातून बारीक आवाज आला, "म्यांव."

"कंडक्टर!" तात्या ओरडले. "आरं, तू आत कवा चढलास?"

बोका उघड्या बाजूनं थरांत शिरून झोपला होता आणि तात्यांनी वळणावर इतकं लक्ष दिलं होतं, की ती बाजू शिवून टाकली होती. एक अख्खी कड उसवावी लागली. बाहेर आल्यावर कंडक्टरनं अंग झटकलं आणि कुणाकडंही न बघता दुधाकडं गेला. आत्या हसून हसून जमिनीवर बसल्या. त्यांच्या डोळ्यांना पदर लागला, आणि मग पुढची ती कड त्यांनी स्वतः शिवून दिली. तात्यांना उपकार नकोत म्हणून वर म्हणाल्या, "मला बसल्या बसल्या काय काम हाय?"

वसुबारसेच्या सकाळी मुलाची गाडी आली. काकू उतरल्या, नात कडेवर. देवाला हात जोडले, घर बघितलं, डब्यांच्या रांगेवर नजर फिरवली आणि पलंगावरच्या खाकी वाकळेपाशी जाऊन थांबल्या. आम्ही उंबऱ्यात.

"आवो, हे काय? माज्या आईची वाकळ कुठं हाय?"

तात्यांचा तो आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. "कालव्याला नेली. फाटली."

काकूंनी नातीला मुलाकडं दिलं आणि पलंगाच्या कडेला टेकल्या.

तात्या पुढं झाले. काकूंचा हात धरला, आमच्यादेखत, आणि खाकी कापडावर दाबून ठेवला. "आत हाय. एक चिंधी वाया जाऊ दिली न्हाय. आत समदी हाय. हात लाव."

काकूंनी तळहात हळूहळू फिरवला. मध्ये एके ठिकाणी थांबला, पुढं सरकला, परत थांबला. जुन्या काठाची जाड शिवण हाताला लागत असावी. मग त्यांचं लक्ष खिशांकडं गेलं. एका खिशात हात घातला, दुसऱ्यात घातला, आणि काकू हसायला लागल्या. रडत रडत हसायला लागल्या. "चड्ड्यांची वाकळ शिवलीया माज्या आईला," म्हणाल्या. "ती आसती तर हिथं फिरून फिरून सगळ्यांला दावली आसती."

आईचं राहिलेलं काम मग काकूंनीच केलं. दिवाळीभर जी बाई फराळाला आली, तिला आधी वाकळ, मग चकली. खिशात चष्मा राहतो, मोबाईल राहतो, रात्रीची गोळी राहते. नात तर एका खिशात अख्खा लाडू ठेवून विसरली. भाऊबिजेपर्यंत आळीतल्या सगळ्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांच्या जुन्या पँटी बाजूला काढल्या होत्या. जे गडी रस्त्यात हसले होते, त्यांच्याच घरात. तात्या ओट्यावर बसून नुसते मिशीतल्या मिशीत हसायचे.

भाऊबीज झाली आणि मुलगा न्यायला आला. काकूंनी वाकळ घडी करून गाडीत ठेवली. तात्या मागं उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत गाडी गल्लीतून बाहेर काढत गेले, पार मोठ्या रस्त्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी फराळाचा डबा परत द्यायला गेले. तात्या खोलीत एकटेच, जमिनीवर कापड पसरून बसले होते. नवी वाकळ.

"आता कुणाला?" मी विचारलं.

"कुणाला न्हाय." त्यांनी टाका ओढला. "सकाळ कामात जाती, सूनबाई. दुपारी डोळा लागतो. पर ही येळ... ह्या टायमाला गाडी लावून घरी यायचो. दारात आसायची ती. हातात सुई आसली की तेवढी येळ निघून जाती."

इतक्या हळू बोलले, की आमच्या घरात ते कधीच ऐकू आलं नसतं.

मी घरी येऊन आत्यांना सांगितलं. आत्या भाजी निवडत होत्या. भाजी बाजूला सारली. उठल्या, आपली अर्धवट वाकळ काखेत मारली, सुई-दोऱ्याचा डबा घेतला आणि शेजारी गेल्या. मला इकडं ऐकू आलं, "सोपानराव, आमच्या ओट्यावर उजेड कमी पडतोय. हितं बसती."

आमच्या ओट्यावरचा बल्ब आळीत सगळ्यात मोठा आहे.

दुसऱ्या दिवशी मी गेले. मग समोरच्या वहिनी, मग त्यांची जाऊ. आता रोज संध्याकाळी तात्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. दोरे, चिंध्या, चहाचे कप, गप्पा. तात्या पसारा बघून कुरकुरतात आणि चहाचं आधण स्वतः ठेवतात.

परवा आम्ही सगळ्या तिथं असताना काकूंचा फोन आला. "आवो, एवढा गलका कसला तिकडं? कोण कोण आलंय?"

तात्यांनी फोन तोंडाशी धरला, एकदा आमच्याकडं बघितलं, आणि अख्ख्या पिंपळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गाडी फुल हाय! उभं ऱ्हायाला बी जागा न्हाय!"