नईमचाचांच्या गाडीची काच

नईमचाचा माणसाला नावानं हाक मारत नाहीत, चष्म्याच्या नंबरानं मारतात. मी त्यांच्या शेजारी राहायला आले त्या दिवशी अजून ट्रकमधून सामानसुद्धा उतरलं नव्हतं. कुंपणाच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून त्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "मायनस साडेतीन. डावा जरा जास्ती. बराबर?"

बराबर होतं. मी घाबरून हो म्हटलं.

आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी सोनटक्के त्यांच्या लेखी 'प्लस दोन', आणि दूधवाला 'प्लस सव्वा'. ज्याला चष्माच नाही त्याच्याशी काय बोलावं हे चाचांना कळत नाही. "लागंल, लागंल. चाळिशी येऊ द्या," असा त्याला ते धीर देतात.

गुलमंडीवर त्यांच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. चाचांनी तिथं चाळीस वर्षं काचा घासल्या आणि मग दुकान पुतण्याच्या हाती दिलं. दुकान सुटलं, पण काच सुटली नाही. "काच दिसली म्हणजे काच घाण," हे त्यांचं वाक्य. काच म्हणजे अशी पाहिजे की ती आहे हेच कळू नये. माझ्या घरी चहाला आले की कप खाली ठेवायच्या आत खिशातून मऊ फडकं निघायचं. घड्याळ, टीव्ही, कपाटाचा आरसा, सगळं पुसून व्हायचं. एकदा देवघरातल्या तसबिरींपाशी जाऊन थांबले. मला म्हणाले, "मॅडम, इजाजत हाय का? त्यांनाबी बाहेरचं दिसलं पाहिजे की." मी हो म्हटलं. तेव्हापासून आमचे देव कॉलनीत सगळ्यात स्वच्छ.

पण सगळ्यात मोठी काच त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. पोलीस ॲक्शन होऊन संस्थान भारतात आलं, त्यानंतर दोन-चार वर्षांनी एक जहागीरदार हैदराबादला कायमचे निघाले, तेव्हा जाताना त्यांनी आपली विलायती गाडी चाचांच्या वडिलांना विकली. हिरवा रंग, गोल दिवे, आत शिरलं की जुन्या चामड्याचा वास. गाडीच्या पुढच्या काचेवर पाणी मारायची सोय नव्हती. ती चाचांनी स्वतःच्या लग्नानंतर मुंबईहून आणून बसवली होती. आत डॅशबोर्डच्या मधोमध एक काळी गुंडी. ती अंगठ्यानं दाबायची, की बॉनेटखालच्या बाटलीतलं पाणी नळीतून वर चढायचं आणि काचेवर उडायचं. हातपंपच तो, फक्त अंगठ्याचा. आता त्याचं रबर लाकडासारखं झालं होतं. सगळा जीव लावून दाबलं तर बॉनेटवर दोन थेंब यायचे, तेही रुसल्यासारखे.

एका रविवारी सकाळी मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. खालून हाक आली, "मायनस साडेतीन! लवकर खाली या! मिळाला!"

मला वाटलं हरवलेला माणूसच मिळाला. धावत खाली आले. चाचांच्या तळहातावर लिंबाएवढी काळी वस्तू होती, तिला दोन तारा आणि दोन नळ्यांची तोंडं.

"पंप! बिजलीचा! शहागंजात एका भंगारवाल्याकडं होता. नव्या गाडीतला हाय. बटन दाबलं की फुर्र! अंगठा नको, ताकद नको. लहान लेकराच्या बोटानंबी चालंल."

"पण चाचा, दोन थेंबांवर इतकी वर्षं चाललंच की तुमचं."

"नाय चालत आता," ते म्हणाले, आणि त्यांची नजर आपल्या घराच्या खिडकीकडे गेली. लगेच पुन्हा उजळले. "तुम्ही सायन्स शिकवता ना? मग सांगा, करंट कुठून कुठं जातो?"

मी सातवीला विज्ञान शिकवते. माझी वीज म्हणजे एक सेल, एक बल्ब आणि मधे दोन तारा. तेवढ्या भांडवलावर मी तो संपूर्ण आठवडा चाचांची सल्लागार झाले.

खरं काम करायला सीताराम मिस्त्री आले. नगर नाक्यावर त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. हुशार माणूस, पण अपमान लवकर वाटतो. त्यांनी बाटलीच्या बुचाला भोक पाडलं, नळी सोडली, पंप बसवला, फ्यूज घातला आणि विचारलं, "बटन कुठं? स्टेरिंगच्या बाजूला ना?"

"नाय. तिकडं." चाचांनी पार डावीकडे, दुसऱ्या दाराजवळ बोट दाखवलं.

"चाचा, तिथं ड्रायवरचा हात पोचत नाय."

"ड्रायवरचं काम गाडी चालवायचं. काच धुणं त्याचं काम नाय."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. बटन दाराजवळ बसलं. वर चाचांनी टेप घेऊन सीटपासूनचं अंतर मोजलं, डोळे मिटून डाव्या हातानं बटन शोधून पाहिलं, आणि ते चार बोटं खाली घ्यायला लावलं. मिस्त्रींनी दात-ओठ खात नवं भोक पाडलं.

मग चाचांनी बिस्मिल्ला म्हणून बटन दाबलं. पंप गुणगुणला. काच कोरडी! बॉनेटखालून मात्र आवाज आला, गुडगुड, गुडगुड. बाटलीतलं पाणी उकळल्यासारखं बुडबुडत होतं.

"श्वास घेतोय!" चाचा आनंदानं ओरडले. "जिंदा हाय!"

"जिंदा हाय पण उलटा हाय," मिस्त्री म्हणाले. "माल खराब. भंगार ते भंगारच." त्यांनी पंप काढायला पक्कड घेतली.

चाचांचा चेहरा एवढासा झाला. असला पंप शोधायला त्यांनी तीन महिने घालवले होते. मी आपली बाटलीकडे बघत उभी. पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी तो हवा आत ओढत होता. म्हणजे मोटर उलटी फिरत होती. मोटर उलटी फिरते कधी? सेल उलटा घातला की! हे तर मी दरवर्षी फळ्यावर काढते. मी वाकून बॅटरी पाहिली. तिच्या अधिकच्या टोकाची जाड तार सरळ गाडीच्या अंगाला जोडलेली होती.

"थांबा मिस्त्री! या गाडीचं अंगच अधिक आहे! सगळ्या गाड्यांचं उणे असतं, हिचं उलटं आहे!"

"असं कुठं असतंय का मॅडम? वीस वर्षं झाली मला."

"गाडीला चाळीसच्या वर झाली," चाचा म्हणाले. "मॅडमचं ऐका. तारा बदला."

मिस्त्रींनी आमच्यावर उपकार केल्यासारख्या दोन तारांच्या जागा बदलल्या. चाचांनी बटन दाबलं आणि पाणी सुटलं! काय सुटलं म्हणता! काचेवर नाहीच, काच ओलांडून, टप ओलांडून एक सुंदर कमान मागे गेली आणि कसला गलका चाललाय ते बघायला नुकत्याच आलेल्या सोनटक्क्यांच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर पडली.

"लाजवाब!" चाचा ओरडले. "प्लस दोन, हलू नका! अंदाज घेऊ द्या!"

मी इतकी हसले की मला मडगार्डचा आधार घ्यावा लागला. सीताराम मिस्त्रीसुद्धा हसले, अपमान विसरून. सोनटक्के चिडले नाहीत. चिडायच्या आत चाचांनी त्यांचा ओला चष्मा काढून पुसून परत लावला होता आणि त्यांना म्हणे इतकं स्वच्छ बऱ्याच दिवसांत दिसलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस चाचा टाचणी घेऊन फवाऱ्याच्या भोकांशी बसले. एक भोक डावीकडे, एक उजवीकडे, केसाएवढं वर, केसाएवढं खाली. चष्म्याची काच घासणारा हात तो. आणखी एक अडचण होती. बटन सोडलं की नळीतलं पाणी मागे बाटलीत उतरायचं आणि पुढच्या वेळी काचेवर यायला वेळ लागायचा. "दाबलं की लगेच आलं पाहिजे," चाचा म्हणायचे, "नायतर दाबणाऱ्याला वाटंल, आपल्यानं झालंच नाय." शेवटी माशांच्या टाक्या विकणाऱ्याकडून त्यांनी पाणी एकाच दिशेला जाऊ देणारी बोटभर झडप आणली आणि नळीत बसवली. त्यानंतर बोट टेकायचा अवकाश, पाणी हजर.

या सगळ्या धामधुमीत एक माणूस बाहेर आलं नाही. रझियाचाची. चाचांच्या बायको. वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र तसाच मांडीवर पडून राहिला. त्याआधी सगळ्या कॉलनीला लोणचं त्यांच्या घरून जायचं. आता त्या खिडकीशी बसायच्या. मी गेले की, "बस बेटा," एवढंच. बाहेर चला म्हटलं की मान हलवायच्या, नाही.

पुढच्या रविवारी चाचा माझ्या दारात. "गाडीची चाचणी हाय. पडेगावपर्यंत जाऊन येऊ. तुम्ही पाहिजेत, पंप तुमचा हाय. आणि चाचीला तुम्ही बोलवा. माझं ऐकत नाय ती."

मी बोलवलं. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "चाची, तुम्ही आला नाहीत तर मला एकटीला त्यांच्या गाडीत बसायला भीती वाटते." हे मात्र खरं होतं. त्या पहिल्यांदा किंचित हसल्या आणि उठल्या.

त्या पुढे डावीकडे बसल्या, मी मागे. रस्त्यावर पाण्याचे टँकर सांडून गेले होते, वर खडीच्या ट्रकांची धूळ. छावणी ओलांडून पुढे गेलो आणि समोरून आलेल्या एका ट्रकनं रस्त्यातला चिखल उचलून आमच्या काचेवर फेकला. समोरचं सगळं तपकिरी झालं. चाचांनी गाडी अगदी हळू केली, कडेला घेतली, पण थांबवली नाही. दोन्ही हात स्टेरिंगवर, नजर सरळ.

"अहो, काच बघा," चाची म्हणाल्या.

"बघतोय की."

"दिसतंय का काही?"

"नाय दिसत."

"मग धुवा ना!"

"माझ्याकडं बटन नाय," चाचा म्हणाले.

चाचींनी डॅशबोर्डच्या मधोमध त्या जुन्या गुंडीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग त्यांची नजर खाली, आपल्या दाराजवळ गेली. डावा हात हळूच उचलला. बोट टेकलं. फुर्र! पाणी पसरलं, वायपर फिरला, आणि चिखलात एक अर्धगोल उघडला; रस्ता, कडुलिंबाची झाडं, दूरचा दौलताबादचा किल्ला, सगळं एकदम समोर आलं.

"अगं बाई!" चाची म्हणाल्या. त्यांनी परत दाबलं. परत. "थांबा, माझ्या बाजूचा कोपरा राहिला. वायपर बंद कैकू केलं? चालू ठेवा! असं अर्धवट काम मला नाय चालत."

"जी," चाचा म्हणाले.

पडेगाव आलं. चाचा गाडी वळवायला लागले, तर चाची म्हणाल्या, "परत कशाला? सरळ घ्या. कन्नडला आपा हाय. वर्ष झालं तिला बघून." आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण.

मला अकराला शिकवणीच्या मुली येणार होत्या. मी उतरते म्हटलं. मागचं दार बाहेरूनच उघडतं, म्हणून चाचा उतरून मागे आले. दार उघडून तिथंच थांबले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, लावला, परत काढला.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "लग्न झाल्यापासून ती गुंडी तीच दाबत आली. मी गाडी चालवायची, तिनं काच बघायची. हात गेला तेव्हा मला म्हणली, आता मला कुठं नेऊ नका. नुसतं बसून मी काय करू?" त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. "मी काय सांगणार तिला? मला बोलता येत नाय तसलं. मला काच येते."

मी त्यांच्या हातातून चष्मा घेतला आणि माझ्या पदरानं नीट पुसून दिला.

तेवढ्यात पुढच्या खिडकीतून चाचींचं डोकं बाहेर आलं. "चला ना! आपा दुपारी जेवून झोपती, मग दार उघडत नाय! आणि बाटलीत पाणी भरून घ्या, पुढं घाट हाय!"

"आलो, आलो!" चाचा म्हणाले, आणि पासष्ट वर्षांचा तो माणूस रिकामा डबा घेऊन समोरच्या हॉटेलकडे पाणी आणायला पळत सुटला.