वामनरावांचा तह

वामनराव गोडबोल्यांनी मला फसवलं. बोलणी करायला गेले आणि माझं अध्यक्षपद समोरच्यांना देऊन आले.

कॅनडात विनिपेगमधले माझे हे शेजारी रिटायर्ड इंजिनिअर. डोक्यात एकच माणूस: एकोणिसाव्या शतकातला इथला एक पुढारी. अर्धा देश त्याला देव मानायचा, अर्धा देशद्रोही. "निवडून दिलं हो त्याला, पण पार्लमेंटमध्ये बसू दिलं नाही!" हे वाक्य वामनराव कुठेही टाकतात. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत असलो तरी. एकदा माझ्या दुकानात भेंडी निवडता निवडता त्यांनी त्याला फासापर्यंत नेलं. मागे ही लाइन!

आमचं मराठी मंडळ फुटलं ते गणपतीच्या आरतीच्या वेळेवरून. तेव्हापासून दोन हॉल, दोन मूर्ती. यंदा एकत्र यायचं ठरलं, तेव्हा आमच्या बाजूने मी वामनरावांना पाठवलं. बजावलं, "मूर्ती सोडा, वेळ सोडा, अध्यक्षपद सोडायचं नाही."

"दिलीपशेठ, तहाचा अभ्यास आहे माझा."

परत आले ते हसतच. मूर्ती त्यांची, वेळ त्यांची, अध्यक्षही त्यांचा.

"मग आपल्याला काय मिळालं?" मी ओरडलो.

"पंगत एकच."

"जेवण? अहो, ते तर मीच घालतो दरवर्षी!"

"त्या पुढाऱ्यालाही लोक असेच ओरडले. प्रांत मिळवून दिला त्याने, पण स्वतःला घरी राहता आलं नाही."

माझं डोकंच चालेना. हा माणूस आपला की त्यांचा?

गणपतीला मी धुसफुसतच वाढायला उभा राहिलो. वामनराव शेजारच्या पानावर हात ठेवून बसलेले. कुणी आलं की, "इथे माणूस आहे."

शेवटी समोरच्या मंडळाचा चिटणीस आला. निखिल, वामनरावांचाच मुलगा. मंडळ फुटलं त्या दिवशी बापलेक सगळ्यांसमोर भांडले होते, ते मी पाहिलं होतं. "काका, तेव्हापासून घरी येणं नाही, फोन नाही," वामनरावांची सून माझ्या कानाशी म्हणाली. हे मात्र मला माहीत नव्हतं.

निखिल त्या राखलेल्या पानावर बसला. वामनरावांनी त्याच्या पानातली मिरची उचलून आपल्या पानात घेतली. पुढाऱ्याचं नावसुद्धा काढलं नाही.

मी वरणाचं भांडं घेऊन तसाच उभा. रागवायचं कुणावर, तेच कळेना.

पण व्यवहार तो व्यवहार. मुलासाठी पंगत हवी होती, तर शेजारच्या माणसाला सांगायला काय झालं होतं? अध्यक्षपद मी आपणहून सोडलं असतं. मला न विचारता का दिलंत? वामनराव, याचा जाब मला हवा आहे.