गाडी दिली एटी-जीला

टॅक्स म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. माझ्या नाही! तारापूर एमआयडीसीतल्या आमच्या रंगाच्या कंपनीत मी, प्रफुल्ल चुरी, कागदोपत्री शिफ्ट सुपरवायझर आहे. पण कँटीनमध्ये विचाराल तर लोक ‘टॅक्सवाले चुरी’ म्हणूनच माझं टेबल दाखवतील. दर एप्रिलला अकाउंट्सकडून एक फॉर्म येतो. जुनी करपद्धत की नवी, ते ठरवून चौकोनात खूण करायची. तो फॉर्म आमच्याकडे कोणी वाचत नाही. मी वडा खात खात खूण करतो, फॉर्म टेबलावर ठेवतो आणि बाकीचे चाळीस जण एकेक करून येतात, बघतात, तश्शीच खूण करून जातात. एका वर्षी घाईत मी जन्मतारीखही त्याच पेनानं लिहिली होती, तर त्या वर्षी अकरा जणांचा वाढदिवस माझ्याच दिवशी निघाला!

असा मी. तर आता गाडीचं सांगतो.

आमची गाडी सतरा वर्षांची. एका बाजूनं समुद्राची खारी हवा, दुसऱ्या बाजूनं एमआयडीसीचा धूर, आणि दोन्हींच्या मधे उघड्यावर उभी आमची गाडी. पत्रा इतका नाजूक झाला होता की मी ती फडक्यानं पुसायचं सोडून फुंकर मारून साफ करायचो. डावीकडे वळलं की वायपर आपोआप सुरू व्हायचे. मागचं एक दार फक्त बाहेरून उघडायचं, त्यामुळे मागे बसलेला माणूस पूर्णपणे आमच्या दयेवर असायचा.

सालवडच्या रस्त्यावरचा भंगारवाला मनीषभाई तिचे पस्तीस हजार द्यायला तयार होता. माझी बायको दीपाली त्या पस्तीस हजारांवर डोळा ठेवून होती. ती पालघरला शाळेत शिकवते. रोज बोईसरहून दोन शेअर रिक्षा बदलते, त्यातल्या एकीत तिला कायम पुढे, ड्रायव्हरशेजारी अर्धी सीट मिळते. उरलेली अर्धी ती हवेत. तिचं म्हणणं साधं होतं.

“अहो, गाडी विका, त्यात थोडी भर घातली की माझी स्कूटर येईल. पाडव्याला घेऊ.”

मीही हो म्हटलं होतं. आणि नेमका त्याच आठवड्यात मी मोबाइलवर तो व्हिडिओ बघितला!

एक गोरा, टाय लावलेला माणूस आणि खाली मराठीत अक्षरं : ‘जुनी गाडी दान करा, टॅक्स वाचवा!’ मी ताडकन उठून बसलो.

“दीपाली! पस्तीस हजार विसर! गाडी दान करायची!”

“दान? आणि माझी स्कूटर?”

“अगं, एटी-जी कलम! दान दिलं की टॅक्समधून वजा! गाडीची किंमत धर एक लाख ऐंशी हजार...”

“कोणाची किंमत? आपल्या गाडीची?”

“भावना धरून! माझा टॅक्स बसतो चौसष्ट हजार. एक लाख ऐंशी वजा केले की काय उरतं? उलट सरकारच माझं देणं लागतं! स्कूटर काय, हेल्मेटसुद्धा त्यातच!”

दीपालीनं माझ्याकडे बघितलं. “तो माणूस कुठला आहे?”

“कुठला का असेना! टॅक्स म्हणजे टॅक्स!”

“पाडव्याला स्कूटर दारात हवी. बाकी तुमचं तुम्ही बघा,” ती म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

दान कोणाला द्यायचं हेही मी ठरवून टाकलं. आमच्या मूळ गावचे, एडवणचे वामन सर हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि मनोरकडच्या डोंगरपट्टीत ‘हिरवा पाडा आरोग्य ट्रस्ट’ चालवायला लागले. पाड्यांवर औषधं पोचवायची, गरोदर बायकांना वेळेवर दवाखान्यात न्यायचं, असं काम. त्यांच्याकडे कामाला नवसी नावाची तिथलीच बाई आहे. औषधं तीच देते, बायकांची नोंद तीच ठेवते आणि जीपही तीच चालवायची, पण जीपनं दिवाळीत कायमची मान टाकली होती.

गाडी बघून वामन सरांचे डोळे भरून आले. नवसीनं बॉनेटवर हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, गाडी अंगणात एक फेरी फिरवून आणली आणि म्हणाली, “साहेब, बेस हाय गाडी! वळली का आपली आपन काच पुसते!”

“खास फिटिंग आहे,” मी म्हणालो.

वामन सर मला बाजूला घेऊन म्हणाले, “चुरी, आपल्या ट्रस्टला एटी-जी आहे, पण एक सांगतो, वस्तूंच्या बाबतीत...”

“सर! टॅक्सचं तुम्ही माझ्यावर सोडा!”

त्यांनी सोडलं. मला एक आभारपत्र दिलं, शाल दिली, नारळाची अर्धी वाटी दिली. पंधरा दिवसांत आरटीओचे कागदही ट्रस्टच्या नावावर झाले. मी ती शाल पांघरूनच कँटीनमध्ये गेलो. तिथेच घात झाला!

“चुरीसाहेब, गाडी दिली म्हणे?” पॅकिंगच्या धीरजनं विचारलं.

“दिली! आणि टॅक्स शून्य केला!” मी शाल सावरत सगळं गणित समजावलं. भावनेची किंमत कशी धरायची तेही सांगितलं. लोक ऐकत होते. जाताना धीरजनं हळूच विचारलं, “फ्रीज चालेल का?”

“दान ते दान!” मी म्हणालो.

आमच्या लोकांची फॉर्मची सवय मी मघाशी सांगितलीच आहे. आठवड्यानं वामन सरांचा फोन आला. आवाज घाबराघुबरा.

“चुरी, तुमच्या कंपनीला काही झालंय का हो? पूरबीर?”

“नाही. का?”

“सकाळपासून टेम्पो येतोय! सात फ्रीज उतरलेत! चार डबा टीव्ही, तीन मिक्सर, एक कूलर! आणि बन्सी म्हणून कोणी आहेत, त्यांनी वडिलांचं शिलाई मशीन दिलंय, चाक नसलेलं. सगळे पावतीवर किंमत टाका म्हणतायत. त्या मशीनची किंमत साठ हजार!”

“भावना धरून असेल, सर.”

“अहो, दवाखान्याच्या दारात कूलर आहे! पेशंट खिडकीतून आत घेतोय मी!”

मी म्हटलं, लोकांना दानाची गोडी लागली, चांगलंच आहे की! आणि दुसऱ्याच दिवशी, जानेवारीत टॅक्स-बचतीचे पुरावे द्यायचे असतात म्हणून, आभारपत्र घेऊन ऐटीत अकाउंट्समध्ये गेलो. तिथे किंजल मॅडम बसतात. वय सव्वीस, पण कॅल्क्युलेटरवर बोटं अशी चालतात की आपण मुकाट्यानं बघत राहतो.

“एक लाख ऐंशी हजार,” मी पत्र पुढे सरकवलं. “टॅक्समधून वजा करा.”

“सर, अशा ट्रस्टला दिलं तर निम्मंच धरतात.”

“बरं, नव्वद हजार,” मी मोठ्या मनानं म्हणालो.

“आणि ते टॅक्समधून नाही वजा होत. उत्पन्नातून होतं. म्हणजे तुमचा फायदा साधारण अठरा हजार.”

मला खुर्ची लागली. “ठीक आहे. अठरा तर अठरा.”

तिनं पत्र उचलून वाचलं. मी ते अजून वाचलं नव्हतं. “सर, ही तर गाडी आहे.”

“मग? दान नाही का?”

“दान आहे. पण एटी-जी फक्त पैशाच्या दानाला मिळतं. चेकनं, नाहीतर ऑनलाइन. रोख असेल तर दोन हजारांपर्यंतच. वस्तूला काही नाही. गाडी, धान्य, कपडे, फ्रीज...” ती थांबली. “सर, आज सकाळपासून माझ्याकडे सात फ्रीजच्या पावत्या आल्यात. तुम्हाला काही कल्पना आहे?”

“नाही,” मी म्हणालो. “पण तो व्हिडिओतला माणूस...”

तिनं माझ्या मोबाइलवर व्हिडिओ बघितला. “सर, हा अमेरिकेचा कायदा सांगतोय.”

तरी मी हरलो नाही. मी पुढे वाकून म्हटलं, “समजा, गाडी परत आणली, विकली आणि त्यातले काही चेकनं दिले तर?”

किंजलनं एक फाइल काढली आणि माझ्यासमोर उघडून धरली. माझाच एप्रिलचा फॉर्म. त्यावर वड्याच्या तेलाचा डाग. “तुम्ही नवी पद्धत घेतलीय, सर. त्यात एटी-जी मुळात नाहीच. रिटर्न भरताना जुनी घेता येते, पण मग तुमचा टॅक्सच वाढेल.” मग तिनं बाकीचे चाळीस फॉर्म पंख्यासारखे पसरले. “आणि या सगळ्यांचा पण.”

त्या दिवशी मी कँटीनमध्ये जेवलो नाही. बॉयलरमागे उभा राहून डबा खाल्ला. तरी धीरजनं मला गाठलंच.

“चुरीसाहेब, बायको पाणी माठातलं पितेय. फ्रीज चालू होता हो आमचा!”

“चालू दिलास? कशाला?”

“तुम्ही म्हणालात ना, किंमत जास्त धरता येते!”

घरी दीपालीला सांगायला मला दोन दिवस लागले. सांगितल्यावर ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “म्हणजे मी पाडव्यानंतरही त्या अर्ध्या सीटवर.”

मला फार लागलं ते. खरंच लागलं. मी म्हटलं, “रविवारी जातो. सरांच्या पाया पडतो आणि गाडी परत आणतो. मनीषभाईला देतो. तुझी स्कूटर येणार म्हणजे येणार!”

“मीही येते,” ती म्हणाली. “तुम्ही एकटे गेलात तर माझं सोनंही देऊन याल.”

मनीषभाईला टेम्पोसकट घेऊन आम्ही पाड्यावर पोचलो. ट्रस्टचं अंगण म्हणजे मयताच्या घरासारखं, जिकडे तिकडे फ्रीज टेकून बसलेले. एकात कोंबडी अंडी घालून बसली होती. वामन सर आमच्याकडे बघून हसले, पण ते हसू दमलेलं होतं. मी घसा खाकरला.

“सर, ते गाडीबद्दल जरा...”

“साहेब!” नवसी आतून धावतच आली. “तुमी आले! या, या, बघा कोन हाय!”

ओटीवर एक कोवळी बाई बाळ घेऊन बसली होती. तानी तिचं नाव. दहा दिवसांपूर्वी सकाळी तिला कळा सुरू झाल्या, मूल आडवं होतं, आणि नवसीनं तिला माझ्या गाडीत घालून पालघर गाठलं होतं.

“गाडी बंद नाही पडली?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“दोनदा पडली! आमी उतरून ढकलली. आन साहेब, ही मदीच म्हनते, मी नाय येत, घरी चल, दार उघडाया लागली. पन दार आतून उघडतच नाय ना! म्हनून पोचली!” नवसी हसली, तानी लाजून हसली. “डाक्टर बोलला, अर्दा तास उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या.”

मी बाळाकडे बघितलं. मूठ आवळून झोपलं होतं. मग दीपालीकडे बघितलं. तिनं बाळाच्या पायाला बोट लावलं होतं आणि तिचे डोळे ओले होते.

“काय गाडीबद्दल म्हणत होतात, चुरी?” वामन सरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. दीपालीनं माझा हात दाबला.

“ते म्हणत होते,” ती म्हणाली, “की टायर गुळगुळीत झालेत. बॅटरीपण बदलायला हवी.”

“हो!” मी म्हणालो. “तेच म्हणत होतो!”

टेम्पो रिकामा जाणार म्हणून मनीषभाई कुरकुरायला लागला, तेव्हा दीपालीनंच त्याला अंगण दाखवलं. “भाई, ये सब ले जाओ. लेकिन भाव ठीक से लगाना.” सगळ्या फ्रीज-टीव्हींचे मिळून चार टायर आणि एक बॅटरी निघाली. धीरजचा चालू फ्रीज आम्ही परत आणला आणि तिसऱ्या मजल्यावर मीच चढवला. पाठ अजून दुखते.

आणि स्कूटर? त्याचा निकाल परतीच्या वाटेवर, टेम्पोच्या केबिनमध्येच लागला. मोठ्या टीव्हीसाठी मी दोन वर्षं बाजूला टाकलेले पैसे दीपालीला तोंडपाठ होते.

पाडव्याच्या आधी दोन दिवस किंजल मॅडमनी नव्या वर्षाचे फॉर्म जरा लवकरच वाटले. कँटीनमध्ये पुन्हा माझ्या टेबलाभोवती गर्दी झाली. मला भरून आलं. अजून विश्वास आहे म्हणायचा! मी वडा बाजूला ठेवून नीट विचार करून खूण केली, फॉर्म टेबलावर ठेवला. चाळीस जण एकेक करून आले, वाकून बघितलं आणि दुसऱ्या चौकोनात खूण करून निघून गेले.

पाडव्याला लाल स्कूटर दारात आली. तिचे कागद दीपालीनं वाचले, सह्या तिनं केल्या, विमेवाल्याशीही तीच भांडली.

“तुमच्याकडे एकच काम,” ती म्हणाली. “चाकाखाली लिंबू ठेवा.”

मी वाकून, नमस्कार करून, अगदी मधोमध लिंबू ठेवलं. तिनं चावी फिरवली आणि स्कूटर भुर्रकन निघाली. लिंबू तस्संच! मी ते चाकाच्या मागे ठेवलं होतं.

तिनं थांबून वळून बघितलं. “अहो, फुटलंच नाही!”

“राहू दे,” मी म्हणालो, “दान करून टाकू?”

तिनं असं काही बघितलं की मी लिंबू उचललं आणि मुकाट्यानं पुढच्या चाकापुढे नेऊन ठेवलं.