सत्तावीस नंबरचे नाना

आमच्या शेजारच्या नाना ढाकण्यांच्या घराचा नंबर त्रेचाळीस आहे. निदान कागदोपत्री तरी आहे. घरावर मात्र सत्तावीस आहे, आणि तोही असा की रस्त्यानं जाणारी म्हैससुद्धा मान वर करून बघते.

मुळात केजमधल्या आमच्या कॉलनीत नंबरांची बोंबच आहे. प्लॉट जसे विकले गेले तसे नंबर पडले. बाराच्या शेजारी एकतीस आणि एकतीसच्या मागे सहा. म्हणून इथं कुणी नंबराच्या वाटेला जात नाही. 'टाकीपासून डावीकडं, जिथं काळं कुत्रं झोपलेलं असतंय ते घर,' असा पत्ता सांगतात. कुत्रं उठून गेलं की पाहुणा चुकतो.

अशा कॉलनीत नाना राहायला आले आणि आल्या आल्या त्यांनी भिंतीवर ऑइलपेंटनं सत्तावीस लिहून टाकलं. खरा सत्तावीस नंबर थोरात सरांचा, गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला. सरांच्या फाटकावरची पाटी इतकी गंजलेली की तिच्यावर काय लिहिलंय ते त्यांनाच तोंडपाठ. त्यामुळे नवीन माणूस सरळ नानांकडे. मी घरी ब्लाउज शिवते. एकीला मी 'सत्तावीसच्या शेजारी' असं सांगून बसले. तिला कुणीतरी खरा सत्तावीस दाखवला आणि ती सरांच्या शेजारच्या घरात माप द्यायला जाऊन उभी राहिली. तिथं एक एकटे कंपाउंडर राहतात. ते बिचारे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

पेंटवर भागलं असतं तरी चाललं असतं. पण नाना मोबाईलवर बघून काय काय मागवायचे. आधी पितळेचे आकडे आले. मग सागवानी फळी आली, तिच्यावर काळे आकडे आणि खाली मनीप्लांटची कुंडी. तो वेल वाढला आणि त्यानं सात झाकून टाकला, तर नानांनी वेलच उपटला. आता स्टीलचे आकडे आहेत, भिंतीपासून बोटभर पुढे, आणि मागून पांढरा उजेड. घाटनांदूरला नानांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे तारांशी जुनी दोस्ती. वीज गेली की सगळी गल्ली अंधारात आणि नानांचा सत्तावीस बॅटरीवर लखलखीत. काकू आत मेणबत्ती शोधत असायच्या.

संध्याकाळी नाना कोपऱ्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला धरायचे. "दिसतंय का बे लांबून? वाच बरं." मला भाजीच्या पिशव्यांसकट थांबवायचे. "ताई, चष्मा काढून बगा. काढून दिसलं पायजे."

"नाना, पण तुमचा नंबर त्रेचाळीस आहे."

"ते नगरपंचायतीचं. त्यांचं त्यांच्यापाशी."

"मग सत्तावीसच कावून?"

"माणसाला नंबर असावा ताई," एवढं बोलून ते शिडी आणायला जायचे. काकूंना विचारलं तर त्या चहाचं आधण ठेवायच्या. माझ्या डोक्यात काही उजेड पडत नव्हता. आमच्या ह्यांचं म्हणणं, ज्योतिषानं सांगितलं असेल. कंपाउंडरचं म्हणणं, मटक्याची जोडी असेल. त्यांनी ती एकदा खेळूनही बघितली, आली नाही.

शेवटी व्हायचं ते झालं. थोरात सरांच्या मुलीला बघायला नेकनूरहून पाहुणे आले आणि नानांच्या दारात उतरले. आता आपल्याकडं दारात आलेल्या माणसाला आधी 'कोण तुम्ही?' असं विचारतात का? नानांनी सतरंजी अंथरली, काकूंनी पोहे टाकले. पाहुण्यांना वाटलं, माणसं फार अगत्याची. पोहे झाले, चहा झाला, पानसुपारी झाली. मुलगी काही बाहेर येईना. अखेर मुलाच्या मामांनी घसा खाकरून विचारलं, "मुलगी?"

"पुण्याला हाय की," नाना म्हणाले. "लई सुखात हाय. दोन लेकरं हायेत तिला."

पाहुणे उठले ते सरळ नेकनूरला. थोरात सर इकडे नवं धोतर नेसून फाटकात उभे. सर पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे. त्यांचा आवाज अजून मैदानाच्या मापाचा आहे. दुसऱ्या दिवशी टाकीखाली बैठक बसली आणि तो आवाज आख्ख्या कॉलनीनं ऐकला. "सोयरीक मोडली माझी! हे आकडे आज उतरले न्हाईत तर मी सोता हातोडा घिऊन येतो!"

सगळ्यांनी माना डोलवल्या. खरं सांगते, मीही डोलवली. नाना खाली बघत म्हणाले, "सर, चूक झाली. नेकनूरला जाऊन मी पाया पडतो त्यांच्या. पर आकडे ऱ्हाऊ द्या."

"कावून ऱ्हाऊ द्या?"

मग काकूच पुढे झाल्या. चार माणसांत त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच बघितलं. "सांगा की वो. न्हाई तर मी सांगते."

नानांनी सांगितलं. त्यांना एक धाकटा भाऊ होता, बाळू. अंगानं थोराड, डोक्यानं लेकरू. घाटनांदूरला स्टेशनाजवळच्या चाळीत ते राहायचे, खोली नंबर सत्तावीस. बाळूला गावाचं नाव कधी ध्यानात राहिलं नाही, आडनाव राहिलं नाही. म्हणून नानांनी त्याच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली. कुणी विचारलं की म्हणायचं, सत्तावीस नंबर. एक दिवस नाना कुणाच्या तरी विहिरीत मोटार उतरवायला गेले होते. बाळू स्टेशनात उभ्या गाडीत जाऊन बसला आणि गाडी गेली.

"लई हिंडलो," नाना म्हणाले. "चाळ बी पाडली पुढं. मग जिथं जाईल तिथं सत्तावीस लावत आलो."

मला काही समजेना. मी म्हटलं, "नाना, ते घाटनांदूर होतं. हे केज आहे. आणि बाळूला वाचता तरी येतं का?"

"न्हाई येत. पर तो सांगल ना कुणाला तरी. ज्याला सांगल त्याला दिसाया पायजे."

हिशोबात बसणारं त्यात काहीच नव्हतं. बाळू असलाच तर आता म्हातारा झाला असेल. पण मान डोलवल्याची मला इतकी लाज वाटली की मी पदरानं उगाच चष्मा पुसत राहिले.

थोरात सर उठले, तरातरा घरी गेले आणि फाटकावरची गंजकी पाटी उपटून घेऊन आले. ती त्यांनी नानांच्या मांडीवर टाकली.

"मला बी तसलाच आकडा बसवून द्या, लाइटीचा. बाळू माझ्याकडं चुकून आला तर मी आणून सोडतो."

नानांनी पाटी दोन्ही हातांनी धरली.

"सर," ते म्हणाले, "एक करा. त्याच्यावर वरडू नका. भ्याला की तो नंबर इसरतो."

"न्हाई वरडत," सर म्हणाले. ते इतकं हळू होतं की शेजारी बसलेल्या मलाच तेवढं ऐकू आलं.