गुणवंतदादांचा समुद्र

बुलढाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा आहे, हे तुम्ही कुठल्याही पुस्तकात वाचलं नसेल. मीही वाचलेलं नाही, आणि मी तर शाळेत भूगोलच शिकवतो. पण आमच्या शेजारच्या गुणवंतदादांना हे सांगायची सोय नाही. अमडापूरच्या पलीकडचं धरण म्हणजे त्यांचा समुद्र. कालव्याला पाणी सोडलं की ओहोटी, सांडव्यावरून पाणी गेलं की भरती. "सर, तुमच्या नकाशात नसन तं तो नकाशाचा दोष," असं ते माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पिऊन मला सांगतात.

दादा एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर झाले, पण आवाज अजून भरल्या गाडीतलाच आहे. रोज सकाळी सायकल काढतात, कॅरिअरला पाण्याची प्लास्टिकची कॅन बांधतात आणि दोनदा घंटी वाजवून समुद्राला निघतात. डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम स्वतःच्या सायकललासुद्धा.

त्या कॅनवरून गावानं त्यांना फार छळलं. धरणाला पाणी घेऊन जाणारा माणूस दुसरा कुठं पाहिलाय? पानठेल्यावरची पोरं हाक मारायची, "काऊन दादा, समुद्राले पाणी पाजाले जाऊन राह्यले का?"

"समुद्राचं पाणी खारं असते बे! प्यायले घरचंच लागते," दादा न थांबता ओरडायचे.

धरणाच्या काठाला मागं कधीतरी 'निसर्ग उद्यान' अशी पाटी लागली. उद्यान म्हणजे काय, तर दोन सिमेंटचे बाक, एक शिंग मोडलेलं सिमेंटचं हरीण आणि 'वर चढू नये' असं लिहिलेला मनोरा. बाकी सगळी दलदल, पाणकणीस आणि बेशरमाची झुडपं. हिवाळ्यात मात्र कुठून कुठून पाखरं येतात आणि त्यांच्या मागोमाग शहरातली माणसं येतात, गळ्यात दुर्बिणी अडकवून. त्यांना फिरवून आणायचं काम दादांनी आपणहून अंगावर घेतलं.

गंमत अशी की दादांना एकाही पाखराचं नाव येत नाही. एका पायावर तासन्‌तास उभा राहून मासा दिसला की झडप घालणारा बगळा, तो 'चेकर'. कलकलाट करत घोळक्यानं उतरणारी बदकं, ती 'पासवाले'. माणूस दिसला की बोंब मारणारी टिटवी म्हणजे 'कंट्रोलरसाहेब'. एकदा पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, "काका, या पक्ष्याचं खरं नाव काय हो?" दादा म्हणाले, "तुमच्या गावी आला का तुम्ही ठेवा. आमच्या गावात तो चेकर हाय." मलाच हसू आवरेना.

मी तिथं कसा? डॉक्टरांनी साखर निघाली म्हणून फिरायला सांगितलं होतं. मी पोरीची लेडीज सायकल घेऊन, पुढं टोपली हलवत, दादांच्या मागून जायचो. या वयात टोपलीच्या सायकलवर वर्गातल्या पोरांच्या समोरून जाणं म्हणजे साखरेपेक्षा वाईट, पण दादांची बडबड ऐकत वाट सरायची.

फक्त एका पाखराला दादांनी नाव ठेवलं नव्हतं. पाण्यात बुडी मारणारं काळं पाखरू. ते बुडालं की दादा बोलता बोलता थांबायचे. ते दुसरीकडून डोकं काढेपर्यंत थांबायचे, मग पुढची बडबड. हसून झालं असेल तर आता पुढचं सांगतो.

दादांचा एकुलता एक मुलगा मिलिंद. शिकलेला, पंचविशीचा, हाताला काम नाही. एके दिवशी दुपारी जेवताना दादा त्याला म्हणाले, "एस.टी.त फुकट्याले मी उतरवून देत होतो. घरात एक बसवून ठेवला." मिलिंद ताटावरून उठला. संध्याकाळी ट्रकची ट्यूब आणि जाळं घेऊन धरणात उतरताना त्याला लोकांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी ट्यूब पलीकडच्या काठाला लागली होती. चपला अलीकडच्या काठावर होत्या. पोहणारे आले, गळ टाकले, होड्या फिरल्या. मिलिंद काही सापडला नाही.

कमलवहिनी, म्हणजे त्याची आई, तेव्हापासून एकच सांगतात. "तो बापावर रागावून सुरतेले गेला. राग गेला का येईन." लोकांनी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसामागच्या विधीचा, विषय काढला तर त्या उठून आत गेल्या. मिलिंदच्या फोटोला हार घालू दिला नाही. आधी काही दिवस पोटात अन्न नव्हतं, मग हे सुरतेचं मनाशी ठरलं आणि त्या हळूहळू दोन घास खायला लागल्या. बापानं रोज धरणावर जायचं, पोराचा काही माग लागतो का ते पाहायचं, आणि घरी येऊन सांगायचं, "नाही, काही नाही." ते ऐकलं की वहिनी ताट वाढून घ्यायच्या. त्या 'काही नाही'वर ती बाई जगत होती हो. भिंतीला भिंत आहे आमची, सगळं ऐकू येतं.

तर आमच्या फेरीत एक ठिकाण असं होतं की तिथं दादा सगळ्यांना सायकलवरून उतरवायचे. "उतरा! इथून पायदळ. चपला हातात." कुणी विचारलं तर म्हणायचे, पाखरं अंड्यावर बसली आहेत. तिथं पाखरू काय, चिमणीसुद्धा नव्हती. पाण्यापासून दूर, उंचवट्यावर, काट्याच्या कुंपणात पिंपळाचं एक हातभर रोप होतं. आम्ही ते ओलांडून जायचो आणि दादा मागं राहायचे. तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायचे. मला वाटायचं, जुनं गाणं असेल. मग ते यायचे तेव्हा कॅन रिकामी असायची.

एकदा मला भयंकर तहान लागली होती. मी कॅनला हात घातला. झाकण उघडताच वाळ्याचा वास आला. दादांनी कॅन माझ्या हातातून ओढून घेतली. ज्या माणसानं जन्मात कुणाला पाण्याला नाही म्हटलं नाही, तो मला नाही म्हणाला. मला राग आला. मी दोन दिवस त्यांच्यासोबत गेलो नाही आणि चहालाही बोलावलं नाही.

या उन्हाळ्यात एका सकाळी आम्ही तिथं पोचलो तर एका मोटारसायकलवर तिघं जण आले. मोबाइल पुढं धरलेला. दादा आडवे आले. "उतरा! इथून पायदळ!"

"बाबा, रस्ता तुमच्या बापाचा हाय का?" पुढचा म्हणाला, आणि गाडी सरळ उंचवट्यावर घातली. कुंपण मोडलं. रोप चाकाखाली वाकलं.

दादांना मी कधी कुणावर हात उगारताना पाहिलं नव्हतं. ते धावले आणि त्या पोराची कॉलर धरून ओढायला लागले. "खाली उतर! उतर म्हणतो ना तुले!" भरल्या गाडीतला तो आवाज फाटून गेला होता. पोरांनी त्यांना ढकललं, दादा गुडघ्यावर पडले, पोरं हसत निघून गेली. ते उठले नाहीत. पडल्या जागेवरूनच सरपटत गेले आणि उघड्या हातांनी काटे गोळा करायला लागले. तळहातांतून रक्त निघत होतं.

मी चिडलो. "दादा, वेड लागलं का? एका रोपट्यासाठी जीव देता का?"

"रोप नाही सर," ते म्हणाले. "मिलिंद हाय."

मग ते तिथंच मातीत बसून बोलले. मागच्या उन्हाळ्यात पाणी पार तळाला गेलं होतं. गाळातून चालताना बुडालेल्या जुन्या बाभळीच्या खोडाला जाळं गुंतलेलं दिसलं. "जाळ्यात होता. हातातल्या कड्यावरून ओळखला. बाकी वळखाले काही राह्यलं नव्हतं. एकट्यानंच वर आणला. इथवर पाणी येत नाही. इथंच मातीआड केला, वर हा पिंपळ लावला, बुद्धाचं त्रिसरण म्हटलं. दुसरं काय येते मले?"

"कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं घरी आणा लागला असता. तिनं पाह्यला असता. त्याच्या ताटावरून मी त्याले उठवला, सर. आता तिच्या ताटातले दोन घास मी काऊन हिसकू?" मग माझा हात त्यांच्या रक्ताळलेल्या हातात घट्ट धरला. "तिले नोका सांगू. शपथ हाय तुमाले."

मी शपथ घेतली. दुसरं काय करणार?

त्या संध्याकाळी दादांचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला आणि अंगात ताप भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. दादा आतल्या खोलीत गोधडीखाली होते. कमलवहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात भरलेली कॅन होती.

"आज तुम्ही न्या भाऊ."

मी म्हणालो, "वहिनी, मला काही एवढी तहान लागत नाही."

"तुमच्यासाठी नाही." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "झाडाले घाला. सगळं. वाळा टाकला हाय. मिलिंदले वाळ्याचंच पाणी लागे."

हिला कुणी सांगितलं? मी तर बोललो नव्हतो.

त्यांना माझ्या चेहऱ्यावरून समजलं असावं. "कोणी नाही सांगतलं. तुमाले माहीत हाय ना, हे कसे हायेत?"

माहीत होतं. दादांसारखा हट्टी माणूस नाही. मयतीवरून आल्यावर बाहेर आंघोळ करून घरात शिरणाऱ्यांची ते आयुष्यभर टर उडवत आले. "मेलेल्या माणसाचं अंगाले काय लागते बे? लागते ते जित्या माणसाचं!" असं म्हणत सरळ चुलीपर्यंत जाऊन पाटावर बसायचे. सख्ख्या भावाला पोचवून आले तेव्हासुद्धा.

"मागच्या उन्हाळ्यात एक दिवस उशिरा आले," वहिनी म्हणाल्या. "कोपरापर्यंत गाळ. घरात नाही आले. अंगणातल्या टाक्यापाशी उभे राह्यले, आंगावर बादली घेतली, कपडे तिथंच पिळले. मंग उंबऱ्यावर आले. मी विचारलं, काही दिसलं का? तं म्हने, नाही, काही नाही. मी ताट वाढून घेतलं. काय करू भाऊ? त्याईच्या समोर जेवली. दुसऱ्या दिवसापासून हे वाळा टाकून कॅन न्याले लागले, तं एक दिवस मागं जाऊन मी झाड पाहून आली."

"पण मग एवढे दिवस..."

"त्याईले वाटते मले माहीत नाही. माह्यापासून लपवाचं हाय म्हनून रोज उठतेत, सायकल काढतेत, दोन माणसांत बोलतेत. त्याईले कळलं का मले माहीत हाय, तं ते अंथरुणातून उठतीन कशाले?" त्यांनी कॅन माझ्या हातात दिली. "त्याईले सांगू नोका."

मी मान हलवली. एकाच घरातली ही दुसरी शपथ.

पोरीच्या सायकलच्या टोपलीत कॅन ठेवून मी गेलो. पानठेल्यावरून कुणीतरी ओरडलं, "सर, तुम्हीबी लागले का समुद्राले पाणी पाजाले?" मी दोनदा घंटी वाजवली. उंचवट्यापाशी उतरलो, चपला काढल्या. रोप वाकलं होतं, पण मोडलं नव्हतं. कॅन हळूहळू रिकामी केली. वाळ्याचा वास बराच वेळ राहिला. त्रिसरण मला पाठ नाही, मी नुसताच उभा राहिलो आणि मला रडू आलं.

परतलो तर दादा गोधडीतून डोकं काढून वाट पाहत होते. वहिनी शेजारी बसून त्यांच्या गुडघ्याला हळद लावत होत्या.

"काय म्हनते आपला समुद्र?" दादांनी विचारलं. डोळे मात्र माझ्या हातातल्या कॅनकडे.

"ओहोटी आहे," मी म्हणालो.

"काही दिसलं का भाऊ?" वहिनींनी विचारलं. मान खालीच होती.

दादा माझ्याकडे पाहत होते.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

वहिनी हात पुसत उठल्या आणि दोघांची ताटं वाढायला आत गेल्या.